खालच्या फटीतून

नव्या घराच्या खिडकीला काय लावायचं, यावर शालिग्राम आणि प्रमिलाचं काही केल्या जमेना. साल एकोणनव्वद. जळगावात पिंप्राळ्याच्या अंगाला नवे प्लॉट पडले होते, त्यात त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. पुढची खोली गल्लीला खेटूनच, मधे काय तो फरशीचा ओटा. खिडकी मोठी, लोखंडी गजांची. ओट्यापाशी आलेल्या माणसाला आतला पलंग, पलंगावरचं बाळ, बाळाला पाजायला घेतलेली प्रमिला, सगळं दिसायचं.

"साधा पडदा लाव ना," शालिग्राम म्हणाला. तो पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याला कशावरही सोपा उपाय सुचायचा.

"कूलर लावला की पडदा उडतो."

"मग आमच्या साहेबांच्या केबिनला आहेत तसे पट्ट्यांचे घेऊ. दोरी ओढली की बंद."

"ती दोरी बाळाच्या गळ्यात अडकली म्हणजे?"

सहा महिन्यांचं बाळ अजून नीट पालथंही पडत नव्हतं. पण आदल्या वर्षीच्या वैशाखापासून शालिग्राम बायकोच्या कुठल्याच भीतीला हसत नसे. त्या वैशाखात त्यांची वेणू गेली होती. चार वर्षांची. रसरसून ताप भरला, आणि सलाइनची बाटली संपायच्या आत पोर थंड झाली. हे घर तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

नव्या गल्लीतल्या बायकांना मात्र सगळं ठाऊक होतं. जाता-येता त्या खिडकीपाशी रेंगाळायच्या. बाई हसते का, बाळाला जवळ घेते का, रडते का, हे बघायच्या. बघण्यात वाईट काही नव्हतं, दयाच होती. प्रमिलाला तीच सोसत नव्हती. सोनगीरहून बाळासाठी येऊन राहिलेल्या सासूबाईंचं, भागाबाईंचं, दुःख वेगळं होतं.

"बठ्ठी गल्ली आत दखस," त्या म्हणायच्या. "पोर्‍याले नजर लागी जाई."

शेवटी प्रमिलानंच ठरवलं. खिडकीला आतून लाकडी झडपा, त्यांत आडव्या, तिरप्या पट्ट्या, कायमच्या बसवलेल्या. धुळ्याच्या कॉलेजातून ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. तिनं कागदावर खिडकी काढली, ओट्यावर उभा माणूस काढला, त्याच्या डोळ्यांपासून रेघ ओढली. पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवल्या की रेघ लाकडावर अडत होती. आतल्या माणसाला मात्र खाली ओट्याची फरशी दिसणार. हवा येणार, उजेड येणार, नजर येणार नाही. धनसिंग सुतारानं कागद बघून मान डोलावली आणि चार दिवसांत सागाच्या झडपा ठोकून दिल्या.

तिच्या हिशोबात एक चूक राहिली होती. कागदावरचा माणूस तिनं मोठा काढला होता. खिडकीच्या चौकटीला हनुवटी टेकेल एवढ्या उंचीच्या कुणी अगदी जवळ येऊन मान वर केली, तर त्याला खालच्या फटींतून आत दिसत होतं. एवढ्या उंचीचं माणूस असतं, हेच ती विसरून गेली होती.

झडपा लागल्या आणि प्रमिला बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी रडली. कुणाला दिसलं नाही.

मग बाळाचं सुरू झालं. एका दुपारी ती त्याला खांद्यावर घेऊन खिडकीशी थोपटत होती. बाळ रडायचं थांबलं. मान वळवून ते फटींतून खाली बघत होतं. ओठ हलले, आणि ते हसलं. प्रमिलानं वाकून पाहिलं. फरशीवर ऊन होतं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे पुढे बाळ खिडकीपाशी नेल्याशिवाय पिईनासं झालं. पितानाही डोळे फटीकडे.

तिनं ओट्यावर जाऊन बाहेरून झडप बघितली. गल्लीतली धूळ सगळ्या पट्ट्यांवर सारखी बसली होती. सगळ्यांत खालच्या दोन तेवढ्या स्वच्छ होत्या, कुणी नाक लावून उभं राहावं तशा. तिनं त्या पदरानं पुसल्या. पदर ओला झाला.

भादव्याच्या पुनवेला गल्लीत गुलाबाई बसली. मातीची गुलाबाई, मातीचा गुलोजी, आणि रोज संध्याकाळी पोरींचा घोळका घरोघरी गाणी म्हणत फिरायचा. शेजारच्या कुंदाबाई मुद्दाम सांगायला आल्या.

"यंदा तुमच्याकडे पण येऊ द्या पोरींना. घर हलतं राहू द्या, प्रमिलाताई."

"येऊ द्या. पण ओट्यावरच. बाळ झोपलेलं असतं."

बाळ झोपलेलं नसायचं. फ्रॉक घातलेल्या पोरी घरात आलेल्या तिला बघवणार नव्हत्या, एवढंच. गाणी संपली की खाऊचा डबा झाकण न उघडता वाजवून दाखवायचा, पोरींनी ओळखायचा, आणि ओळखेपर्यंत कुणी हलायचं नाही, अशी गुलाबाईची रीत. प्रमिलानं रीत थोडी बदलली. ती आत वेताच्या मोड्यावर बसून झडपेमागून डबा वाजवी. फटींतून तिला फक्त पाय दिसत. पट्ट्यांच्या चपला, बुटांतले पाय, मेंदीचे पाय.

पहिले दिवस बरे गेले. मग एकदा खाऊ करायला जमलं नाही. बाळ कडेवरून उतरेना. तिनं हाताला आलं ते डब्यात भरलं आणि झडपेमागे वाजवलं.

"शेंगदाणे!"

"केळीचे वेफर!"

"अगं, वेफर असे वाजतात का? मुरमुरे, मावशी?"

"चूक."

"गोड की खारं ते तरी सांगा ना. चिंगी, तू बोल, तुझी आई रोज सुतळीएवढी जाड शेव देते."

हसणं, ढकलाढकली. शेवटी सगळ्या "हरलो, हरलो" म्हणून ओरडल्या. आणि त्या गलबल्याखालून, चौकटीच्या अगदी जवळून, हलका आवाज आला.

"कच्चे पोहे. साखर घालून."

डब्यात तेच होतं. कच्चे पोहे कुणी खाऊ म्हणून देत नाही. डब्यात हात घालून ते एकच पोर खायची.

"कोण बोललं?"

"कुणीच नाही, मावशी. आम्ही हरलो ना."

तिनं फटीतून खाली पाहिलं. चपला, बूट. आणि त्यांच्या मधे दोन अनवाणी पाय. एका पायावर उभं राहून दुसऱ्याची टाच पोटरीवर घासणारे. डास चावला की वेणू तशी उभी राहायची. प्रमिला उठून दार उघडेपर्यंत ओट्यावर चपलाच चपला होत्या.

तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मन लावून खाऊ केला, गुळाच्या पाकातले डाळे. वेणूला आवडायचे. संध्याकाळी डबा वाजवायच्या आधीच खालून आवाज आला, "डाळे." आणि प्रमिला झडपेमागे पदर तोंडात धरून हसली. शालिग्राम रात्री जेवताना म्हणाला, "आज बरी दिसतेस." ती म्हणाली, "हो."

पण बाळ उतरत चाललं होतं. वजन केलं की डॉक्टर कपाळाला आठी घालायचे. पाठ करून निजवलं तरी ते मान फिरवून खिडकीकडे बघायचं, हात पुढे करायचं, कुणी घ्यावं म्हणून. आईकडे ते हात कधी येत नव्हते.

भागाबाईंनी झडपेवर गोधडी टांगली. प्रमिलानं ती काढली. त्यांनी पुन्हा टांगली.

"माय, तुले पोर्‍या पाहिजे का नको?" त्या शांतपणे म्हणाल्या. त्या कशाबद्दल बोलत होत्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि प्रमिलानं विचारलं नाही.

कोजागरीला गुलाबाई उठणार होती. त्यानंतर पोरी येणार नव्हत्या. त्या संध्याकाळी प्रमिलानं गोधडी काढून ठेवली, बाळाला मांडीवर घेतलं आणि डबा हातात धरला. डबा रिकामा होता. रिकामा डबा कुणाला ओळखता येणार नव्हता, आणि ओळखेपर्यंत कुणी हलायचं नाही.

गाणी झाली. तिनं डबा हलवला. आवाज नाही.

"काहीच वाजत नाही, मावशी. पेढे?"

"चूक."

"लाडू? वड्या?"

"चूक."

पोरी कंटाळल्या. कुंदाबाईंनी गल्लीतून हाक मारली, दूध आटलं म्हणून. चपला एकेक करून ओट्यावरून उतरल्या. तिन्हीसांज झाली होती.

अनवाणी पाय तिथंच होते.

"ओळख, वेणू," प्रमिला म्हणाली.

खालच्या फटीवर श्वास लागल्यासारखा झाला. बाळानं मांडीवरून दोन्ही हात तिकडे केले.

"बाळ?"

प्रमिलानं बाळाला छातीशी ओढलं. पोटच्या पोरीला ती पहिल्यांदा एवढं मोठं नाही म्हणणार होती.

"नाही, बेटा. बाळ नाही."

पाय हलले नाहीत. मग आवाज आणखी लहान होऊन आला.

"मग आई?"

प्रमिला हो म्हणाली नाही. नाही म्हणवेना.

मांडीवर बाळ एकदम भुकेजलं आणि तिच्या पदराला चाचपू लागलं. बऱ्याच दिवसांनी.

आतून भागाबाई आल्या. त्यांनी दिवा लावला, बाळाला उचललं. मोड्याकडे त्यांनी पाहिलं नाही. झडपेशी वाकून फटीतून ओट्यावर पाहिलं आणि रागानं म्हणाल्या,

"अनवानी काबर उभी शे तू तठे, माय? घरमा ये. पोर्‍या भुक्या शे."

मी इथंच आहे, असं प्रमिलाला म्हणायचं होतं. पण तिच्या तळव्यांखाली ओट्याची फरशी होती, दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट. आणि तिचं एक बोट लहानशा थंड मुठीत होतं.