हेव्यावर पोसलेली पेठ

चंद्रपूरचा उन्हाळा त्या वर्षांत इतका चढला होता, की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात असं शपथेवर सांगणारी माणसं गावात होती. अशा उन्हाळ्यात, भर दुपारी, सुलभा उमाठे यांनी वसवलेल्या समतापेठेत लोक ओट्यावर बसून कॅरम खेळत. ते बघून वास्तुविशारद त्र्यंबक पांढरीपांडे यांच्या पोटात जी आग पडायची, तिच्यापुढे बाहेरचं ऊन म्हणजे चांदणंच.

दोघं एकाच वर्गात शिकलेले. पहिला नंबर कायम उमाठेबाईंचा, दुसरा त्र्यंबकरावांचा. आता वर्धेच्या काठी एक अख्खं नवं शहर उभं राहायचं होतं आणि निवड समितीपुढे आराखडे उरले होते दोनच. वैशाखात समिती दोघांच्या वसाहती पाहणार आणि काम एकाला देणार. म्हणून त्र्यंबकराव दर शनिवारी दोष हुडकायला समतापेठेत येत, बोटाच्या पेराने भिंती ठोकत, कुठे पोकळ वाजतंय का ते ऐकत आणि तोंड पाडून परत जात.

भिंतींचा गिलावा जिवंत होता. चुन्यात वाढवलेलं शेवाळ. बाईंनी त्याला नाव दिलं होतं श्वासलेप. ऊन चढलं की तो साठवलेलं पाणी सोडायचा आणि गल्ली माठासारखी गार व्हायची.

"या, त्र्यंबकराव!" बाई फाटकातूनच हाक मारत. "तुमच्या वसाहतीतल्या त्या वारा खेचणाऱ्या वातबुरुजात परवा कबुतरं शिजली म्हणे!"

"शिजली नाहीत. घामेजली असतील जराशी."

"बरं, पोहे खाऊन जा. आणि दिल्लीहून सन्मानपत्र आलंय, तेवढं बघा. वाकडं नाही ना लागलं?"

वाकडं नव्हतं. तेच तर दुःख होतं.

एका शनिवारी मात्र ते वाट चुकून मागच्या गल्लीत शिरले आणि थबकले. भिंती तपकिरी पडल्या होत्या. हात लावला तर भुगा झाला. त्यांनी तो रुमालात बांधला आणि थेट शेवाळतज्ज्ञ डॉ. करुणा गजभिये यांची प्रयोगशाळा गाठली.

"हे उपाशी मेलंय," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता डॉक्टर म्हणाल्या.

"उपाशी? ऊन आहे, पाणी आहे!"

"नत्र नाही. सर, घामाघामात फरक असतो. उकाड्याचा घाम म्हणजे नुसतं मीठपाणी. राग येतो नि जातो. पण माणूस कुणावर जळायला लागला, की त्याच्या कातडीतून एक नत्रयुक्त द्रव्य तासन्‌तास हवेत जात राहतं. आम्ही त्याला हेवारस म्हणतो. उमाठेमॅडमनी मुद्दाम हेवारसावर जगणारं वाण निवडलं. शहरात कधीच न आटणारं खाद्य दुसरं कोणतं? भिंतीनं शेजाऱ्यांचा हेवा शोषायचा आणि बदल्यात गारवा द्यायचा."

"मग आटलं कसं?"

"मॅडमनी घरं आखली तशीच! सगळ्यांना सारखा वारा, सारखी सावली, सारखा ओटा. कोण कुणावर जळणार? त्यांच्या सोसायटीची सभा चहा उकळायच्या आत संपते. परवाच्या लग्नात वरपक्ष रुसला नाही, तर वधूपक्षाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं."

"खत घालायचं मग."

"घातलं होतं. आयतं मिळालं की शेवाळ आळसावतं. पाणीच सोडत नाही."

त्र्यंबकरावांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तरी एक शंका राहिलीच. "मग फाटकापासून बाईंच्या दारापर्यंत एवढं हिरवंगार कसं?"

डॉक्टरांनी आता कुठे मान वर केली. "त्या वाटेनं दर शनिवारी कोण जातं, सर?"

त्र्यंबकरावांनी रुमाल झटकून खिशात घातला. मग म्हणाले, "बाईंना हे ठाऊक आहे?"

"पोहे उगाच मिळतात होय?"

त्या शनिवारपासून त्र्यंबकरावांचा गुडघा दुखायला लागला. बाईंचे फोनवर फोन आले, आणखी दोन पुरस्कारांची आमिषं आली, पण गडी घराबाहेर पडला नाही. बघता बघता समतापेठ पापडासारखी वाळली. कॅरम बंद पडले. ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना उष्माघाताने दवाखान्यात हलवलं. ते ऐकून त्र्यंबकरावांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून चपलाही घातल्या त्यांनी. मग नदीकाठचं शहर आठवलं आणि चपला काढून ठेवल्या.

समिती आली. कोरड्या भिंतींवरून हात फिरवून गेली. वातबुरुजाखाली बसून वारा खाल्ला आणि नवं शहर पांढरीपांड्यांना दिलं.

पंधरवड्याने त्र्यंबकराव पेढे घेऊन समतापेठेत गेले. सांत्वनाला, असं घरी सांगितलं होतं. फाटकातून आत बघतात तो काय! पुढची गल्ली हिरवी, मागची गल्ली हिरवी, वळचणीतून पाणी ठिबकतंय आणि दवाखान्यातून परतलेले दोन्ही म्हातारे कॅरमच्या राणीवरून भांडतायत.

उमाठेबाई पायरीवर बसल्या होत्या. चेहरा काळवंडलेला. पोह्यांचं नावही काढलं नाही.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव जाहीर झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही. वेड्यासारखी गल्ल्यागल्ल्यांतून फिरते. जन्मात पहिला नंबर सुटला नव्हता हो माझा. हे असं जळतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

त्र्यंबकराव भिंतीला टेकले.

"समितीचा फोन होता," बाई पुढे म्हणाल्या. "भिंती पुन्हा हिरव्या झाल्याचं कळलंय त्यांना. परवा फेरपाहणीला येतायत. निकाल बदलेलसं दिसतंय."

"अहो, पण काम तुम्हाला मिळालं की तुमचा हेवा संपला!" त्र्यंबकराव ओरडले. "भिंती पुन्हा वाळतील! सांगतो मी त्यांना!"

"माझा संपेल," बाई म्हणाल्या. त्या त्यांच्याकडे नाही, त्यांच्या मागे बघत होत्या.

त्र्यंबकरावांच्या पाठीला गार लागलं. सदरा भिजला होता. वळून पाहिलं, तर ते टेकले होते तेवढ्या जागी शेवाळाला कोवळे, पोपटी कोंब फुटत होते.