रविवारचा ओलावा

काउंटरवर त्या सकाळी चोवीस सिगार होते. आठ-आठच्या तीन ओळी, खाली वर्तमानपत्राची दुहेरी घडी. शेजारी घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा, एक गुलाबी साबणदाणी, आंघोळीच्या स्पंजचा एक तुकडा आणि बाटलीच्या बुचाएवढं एक काट्याचं मीटर. या सगळ्यामागे एक तरुण उभा होता आणि त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण नव्हतं. तिने हे सगळं आधी मोजलं, चेहरा नंतर पाहिला. अनोळखी माणसासमोर तिचं नेहमी असंच व्हायचं.

खरं म्हणजे सकाळी दुकानात असायचे ते मामा. वजनकाटे, तापमापकं, दाबाची मीटरं, सगळं दुरुस्त करायचं ते जुनं दुकान त्यांचंच. भौतिकशास्त्राची पदवी हातात पडल्यापासून ती दुपारी येऊन बसायची. पण त्या दिवशी मामा दात काढायला गेले होते... आणि एका दाढेपायी पुढचं सगळं घडलं.

"हे मीटर खोटं बोलतं," तो म्हणाला.

"कशावरून?"

"बाहेरच्या खोलीत अठ्ठावन्न टक्के ओलावा, न्हाणीघरातही अठ्ठावन्न. परवा तर मी ते पाण्याच्या पिंपावर धरलं, तरी अठ्ठावन्नच."

तिने मीटर हातात घेऊन काचेवर नखाने टिचकी मारली. काटा दचकल्यासारखा हलला.

"मीटर खोटं बोलत नाही. एकतर अडकतं, नाहीतर चुकतं. हे अडकलं होतं. चुकतं किती, ते उद्या कळेल."

"उद्या?"

"मिठाची परीक्षा घ्यावी लागते. बुचात ओलं मीठ ठेवायचं, शेजारी मीटर, दोन्ही एका पिशवीत बंद. रात्रभरात आतला ओलावा पंचाहत्तरवर येतो. मिठाचा स्वभावच तो, बदलत नाही. मीटर जो आकडा दाखवेल, तेवढा त्याचा फरक."

"माणसांसाठी आहे का अशी काही पिशवी?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

ती हसली नाही. पण पावतीवर तारीख चुकली, ती खोडावी लागली.

तो वायरमन होता. पुढच्या सोमवारी दूरच्या उंच पठारावर, मिठाच्या कारखान्यात दोन वर्षांच्या नोकरीवर निघाला होता. तिथली हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात आणि लाकडी दारांना भेगा पडतात. सिगार तर आठवड्यात कडकडीत होतील.

"मग घरीच ठेवा की. ओढता तुम्ही?"

"छे! मला धुरानेच ठसका लागतो. हे बाबांनी वळलेत. चाळीस वर्षं कारखान्यात एका बाकावर बसून त्यांनी सिगार वळले. आता हात थरथरतात. हे शेवटचे. माझ्या लग्नात बाकावरच्या जोडीदारांना एकेक द्यायचा म्हणून. जोडीदार चोवीस."

"मग तर घरीच..."

"तीस होते," तो म्हणाला. "बाबा रोज एखादा काढतात, चाचपतात, 'हा नीट नाही जमला' म्हणतात आणि सोडवून पुन्हा वळायला घेतात. हात ऐकत नाहीत. पान फाटतं. मग दिवसभर बोलत नाहीत कुणाशी."

तिने सिगारांच्या ओळींकडे पुन्हा पाहिलं. या वेळी मोजलं नाही.

"ओलावा टिकवणारा डबा होईल," ती म्हणाली.

मीटरने मिठाच्या पिशवीत एकाहत्तर दाखवले. म्हणजे चार कमी. जे दिसेल त्यात चार मिळवायचे. काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण एका परीक्षेवर निकाल देणं शास्त्राला धरून नाही असं तिने सांगितलं, आणि दुसऱ्या परीक्षेनंतर त्याने तिसरी मागितली. तिन्ही वेळा एकाहत्तरच.

"मी मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती," सुजलेल्या गालावर हात ठेवून मामा म्हणाले. "जावईबापू आज कितीला येणार आहेत?"

"मामा! गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक पावती मागतं गं. हा चहा मागतो."

डबा दोघांनी मिळून केला. जुन्या सिगारपेटीच्या देवदाराच्या पातळ पट्ट्या त्याने कापल्या, तिने त्या डब्यात आतून बसवल्या, गोंद न लावता, कारण गोंदाचा वास पानाला लागतो. तापवलेल्या सुईने साबणदाणीला भोकं पाडली. आत स्पंज. स्पंजाला नळाचं पाणी चालत नाही, ऊर्ध्वपातित लागतं.

"ऊर्ध्व... काय?"

"वाफ करून पुन्हा थंड केलेलं. त्यात क्षार नसतात, बुरशीची भीती कमी."

"अहो, मग बॅटरीत घालतो ते पाणी म्हणा ना, मीटरबाई! माझ्याकडे पाच लिटर पडलंय."

स्पंज पिळताना त्याच्या मनगटावरून एक थेंब कोपरापर्यंत ओघळला. तिने तो पाहिला... आणि तिने पाहिलं, हे त्यानेही पाहिलं. देवदाराचा वास दुकानभर पसरला होता.

"सत्तरच्या आसपास ठेवायचं," तिने स्पंजाकडे बघत सांगितलं. "खूप खाली गेलं तर पान तडकतं, वर गेलं तर बुरशी. दर रविवारी मला आकडा कळव."

"कळव? कालपर्यंत 'कळवा' होतं."

"...कळवा."

"नको, कळव छान आहे."

सोमवारी सकाळी तो डबा न्यायला आला तेव्हा बाहेर धुकं होतं आणि त्याची बस पाऊण तासाने सुटणार होती. ती झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवत होती, मीटरचा फरक लिहून.

"मी परत आलो की... लग्नाला येशील ना?" त्याने विचारलं.

"कुणाच्या?"

"ते अजून ठरायचंय."

तिचा हात चिठ्ठीवर थांबला. हे विचारणं होतं की नुसती थट्टा? त्याने अजून एक वाक्य बोलावं म्हणून ती थांबली. त्याला वाटलं आता ती बोलेल. मामांनी आतून विचारलं, "बस किती वाजता?" आणि दोघांनी एकदमच वेळ सांगितली. तिने पटकन चिठ्ठी पुरी केली, झाकण दाबलं. तो गेला.

रविवारी सकाळी नऊला फोनवर निरोप आला. 'एकोणसत्तर. इथे आकाश एवढं मोठं आहे की मान दुखते.' पुढच्या रविवारी, 'एकोणसत्तर. तुझी आठवण येते, मीटरबाई. इथलं प्रत्येक मीटर बंद आहे.' एकदा त्याने उघड्या डब्याचा फोटो पाठवला, मागे खिडकी, खिडकीत पांढरंशुभ्र पठार. ती आकडे आलेख-वहीत मांडायची आणि बाकीची वाक्यं पाठ करायची. सहाव्या रविवारी सत्तर. मग एकोणसत्तर, एकोणसत्तर, सत्तर...

विसाव्या रविवारी तिने ठिपके जोडले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. रेघ फार सरळ होती. स्पंज सुकतो, पाणी घातलं की आकडा चढतो, पुन्हा उतरतो. खरी रेघ करवतीसारखी दातेरी हवी. ही तर पट्टीने ओढल्यासारखी.

तिने तो फोटो काढला आणि मोठा केला. झाकणाच्या आत तिचंच अक्षर होतं. 'वजा ४'.

अधिक लिहायचं होतं. तीनदा परीक्षा घेऊन, तीनदा वहीत 'अधिक' लिहून, चिठ्ठीवर तिने वजा लिहिलं होतं. म्हणजे काटा त्र्याहत्तरवर असताना तो चार कमी करून एकोणसत्तर समजणार, आणि आत प्रत्यक्षात सत्त्याहत्तर. बुरशीला याहून चांगलं काय हवं?

तिने फोन लावला.

"चिठ्ठी उलटी आहे," ती एका दमात म्हणाली. "माझी चूक. स्पंज काढ, लगेच—"

"मला माहीत आहे."

"...कधीपासून?"

"सहाव्या आठवड्यापासून. पानाला पांढरी लव दिसली. मी सिगारवाल्याचा मुलगा आहे गं, नुसतं दाबून कळतं. नऊ गेले. तेव्हापासून चिठ्ठी बघतच नाही, बोटांनी अंदाज घेतो. पंधरा चांगले आहेत."

"आणि आकडे? चौदा आठवडे पाठवलेस ते?"

"बनवले," तो म्हणाला. "तुला वाईट वाटलं असतं. मग तू रविवारी... मला रविवार हवा होता."

दुसरी कुणी असती तर हे ऐकून डोळे पुसून हसली असती. तिला तसं करता आलं नाही. ती वहीतल्या चौदा ठिपक्यांकडे बघत राहिली.

"आकड्यांशेजारी तू बाकीचंही लिहायचास," ती हळूच म्हणाली. "आठवण येते वगैरे. त्यातलं बनवलेलं कुठलं, ते मी कसं ओळखायचं?"

"ते खरं होतं!"

"आकडेसुद्धा खरेच वाटले होते. यापुढे पाठवू नकोस."

पुढच्या रविवारी निरोप आला नाही. त्याने ऐकलं होतं. नऊ वाजून गेल्यावर ती उठली आणि त्याच्या वडिलांच्या घरी गेली. नऊ सिगारांचा गुन्हा तिचा होता, तो तिनेच कबूल करायचा होता.

म्हातारे खिडकीपाशी बसले होते. हात मांडीखाली दाबून ठेवलेले, थरथर दिसू नये म्हणून. तिने सगळं सांगितलं. अधिक, वजा, बुरशी, नऊ.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "ओलाव्याने मेले म्हणतेस. माझ्या हातून फाटले ते सहा. हिशेबात तू माझ्याहून फार पुढे नाहीस, पोरी. हात दाखव."

तिने दाखवले.

"बारीक बोटं. थरथरत नाहीत. बस इथे."

बाकावरच्या एकाने पानं आणून दिली. म्हातारे सांगत आणि ती वळे. "ओढू नकोस, पानाला समजाव... शीर बाहेर नको... अगं, गळा आवळतेस का त्याचा! धूर जायला वाट हवी." पहिले कितीतरी त्यांनी नुसतं बघून बाजूला सारले. तिला वजन करून बघावंसं वाटे. ते म्हणत, "काटा घरी ठेवून ये." बावीस रविवार ती जात राहिली. त्यांनी पसंत केलेला नववा सिगार झाला, तेव्हा ते अंथरुणावर होते. त्यांनी तो कानाशी धरून दोन बोटांत दाबला, ऐकला आणि तिच्या हातात परत दिला.

"त्याला सांगू नकोस इतक्यात," ते म्हणाले. "लग्नात बघू दे."

पुढच्या गुरुवारी ते गेले.

तो दुसऱ्या दिवशी पोहोचला, डबा पोटाशी धरून. अंत्यविधी झाल्यावर बाकावरचे चोवीसही जण घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. त्याने डबा उघडला. ती दारातून आत आली आणि त्याच्यापुढे कागदाची पुडी ठेवली.

त्याने एक उचलला, दाबला. त्याची बोटं थांबली.

"हा कुणी वळला?"

"मी. त्यांनी शिकवलं."

त्याने पंधरात नऊ मिसळले आणि तो प्रत्येकाच्या हातात एकेक देत गेला. तिने मुद्दाम पाहिलं नाही, कुणाला कुठला गेला ते. काहींनी तिथेच पेटवले, काहींनी खिशात ठेवले. सगळ्यांत वयस्कर होता त्याने दोन झुरके घेतले आणि राखेकडे बघत राहिला.

"हा त्याने वळलेला नाही," तो म्हणाला. मग अजून एक झुरका घेतला. "पण शिकवलेला त्यानेच."

पाहुणे पांगल्यावर ती त्याला सोडायला बसथांब्यापर्यंत गेली. नोकरीचं अजून एक वर्ष आणि दोन महिने बाकी होते. दोघांच्या मध्ये बाकड्यावर रिकामा डबा.

"लग्नात द्यायला आता काही उरलं नाही," तो म्हणाला.

"कुणाच्या लग्नात?"

"तुझ्या-माझ्या." या वेळी तो अडखळला नाही. "त्या सोमवारीच विचारायचं होतं. मामांनी बसची वेळ विचारली..."

ती धुराचा वास लागलेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिली. हो म्हणायला किती सोपं होतं! जीभ तिथपर्यंत आलीही होती.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "हे मोजून सांगतेय. पण तुझ्यावर विश्वास ठेवायला मला भीती वाटते, हेही मोजूनच. तू मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतोस. उद्या तिथे एकटं वाटलं, आजारी पडलास, जीव नकोसा झाला, तरी तू मला एकोणसत्तरच सांगशील."

बस आली. दोघंही लगेच उठले नाहीत.

"रविवारी आकडा पाठवू?" त्याने विचारलं.

"डबा रिकामा आहे."

"रिकामाच असू दे. जो असेल तो पाठवतो."

तिने मान हलवली. होकार की नकार, ते त्याला कळलं नसावं, कारण पायरीवर चढूनही तो मागे वळून बघत होता. मग दार मिटलं.

रविवारी ती दुकान उघडून एकटीच बसली. म्हाताऱ्यांकडे जायची वेळ झाली तसे पाय आपोआप उठू पाहत होते. तिने त्यांना बसवलं. वहीचं नवं पान काढलं, आलेखाचे अक्ष आखले. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. नऊ वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला.

'झाकण उघडं. स्पंज कोरडा. काटा दहावर, अधिक चार. चौदा टक्के.'