डाग्याला गप्प बसवलं तेव्हा

नवरा रात्रपाळीला असला की दिवसा घरात वाटीसुद्धा पडता कामा नये. मी भांडी पोत्यावर पालथी घालायचे, पाळण्याच्या कड्यांना आठवड्यातून दोनदा खोबरेल लावायचे, दारावरच्या भाजीवालीशी खुणांनीच घासाघीस करायचे. श्रीपाद रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. सकाळी आठला यायचे, जेवून झोपायचे ते थेट साडेपाचपर्यंत. रात्रभर ॲसिडच्या टाक्यांपाशी उभं राहणाऱ्या माणसाची झोप अर्धवट झाली तर काय होतं, ते त्यांच्या डाव्या मनगटावरच्या भाजल्याच्या व्रणावरून मला कळत होतं.

अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला सहा बैठ्या घरांची ओळ होती. त्यात आमचं शेवटचं. मागे तारेचं कुंपण, मग कापणी झालेली भातखाचरं, मग कोरडा ओहोळ. त्यापलीकडे मलंगगडाच्या रांगेपर्यंत नजर कुठे अडायची नाही. १९५४ सालचा मार्गशीर्ष होता. दुपारी तीननंतरच ऊन पिवळं पडून गार व्हायचं.

मीनल सात महिन्यांची झाली होती. तिच्या आधीचा मुलगा याच घरात बाविसाव्या दिवशी गेला. झोपेत. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, पण दुसरं कुणी काही सांगितलंही नाही. मीनलला डोळा लागला की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. बोटाला वाफ लागली की उठायचे, पाच मिनिटांनी परत यायचे.

डाग्याला श्रीपादनी मुलगा गेल्यानंतर आणलं. पांढरा कुत्रा, पाठीवर तळहाताएवढा काळा डाग. एरवी शहाणा. पण रोज दुपारी चारच्या सुमाराला मागच्या कुंपणाशी जायचा, पाय रोवायचा आणि भुंकायचा. घसा बसेपर्यंत.

"सुनेत्राबाई, तुमचा डाग्या रिटायर कधी होतो हो?" शेजारच्या माईंनी भिंतीवरून विचारलं. "आमच्या ह्यांना पेन्शन बसली, पण डोळा लागत नाही."

"प्रयत्न चाललेत, माई."

"चालू देत. अजून चार वर्षं तरी जगणार आहोत आम्ही."

श्रीपादनी मात्र हे हसण्यावारी नेलं नाही. एके दिवशी ते लाल डोळ्यांनी मागच्या दारात उभे राहिले. "हे बघ, बी.ए.ला मानसशास्त्र होतं ना तुला? मग सोडव हा पेपर. महिनाभरात सुटला नाही तर मी त्याला बारवीच्या जंगलात सोडून येतो."

मी पेपर सोडवायला घेतला. सकाळी डाग्याला बुवापाड्यापर्यंत लांब फिरवून आणलं, म्हणजे दुपारी दमून पडेल. नाही पडला. कुंपणाला गोणपाट बांधलं, म्हणजे पलीकडचं दिसणार नाही. तो गोणपाटाकडे बघून भुंकला. उल्हासनगरला जाऊन तोंडाला बांधायचं चामडी जाळं मागितलं, तर सिंधी दुकानदार मापं काढायच्या आधीच म्हणाला, "बाई, कुत्ता मुफ्त में नहीं भौंकता. पहिले बगा कोण येते, मग तोंड बांधा." जाळं घेऊन आले, पण डाग्याला त्यात धाप लागायला लागली. दुसऱ्या दिवशी काढून ठेवलं.

दुकानदाराचं बोलणं मात्र डोक्यात राहिलं. मी वहीत टिपणं ठेवायला लागले. वेळ, किती मिनिटं, तोंड कुठल्या दिशेला. अकरा दिवसांत दोनच दिवस डाग्या भुंकला नव्हता. त्या दोन्ही दिवशी नवसी आली नव्हती.

नवसी वांगणीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. धुणंभांडी करायची, मीनलला न्हाऊ घालायची, आणि सगळ्यांनाच अरेतुरे करायची. दुपारी चारला घरी निघण्याआधी ती भाकरीचा तुकडा मीनलवरून तीनदा ओवाळायची आणि मागे न बघता कुंपणापलीकडे भिरकावायची. मी बोलत नसे. दृष्टीबिष्टीवर माझा विश्वास नव्हता, पण पहिलं मूल गेलेल्या बाईला या बाबतीत फार ताठ राहता येत नाही.

आता मात्र उत्तर समोर होतं. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी अन्न पडतं. मुंगूस, कोल्हा, काहीतरी त्यासाठी येतं, आणि डाग्या त्याला हाकलतो. मी दोन दिवस मागच्या खिडकीत उभी राहून पाहिलं. तुकडा पडला. डाग्या भुंकू लागला. मुंगूस दिसलं नाही, कावळाही उतरला नाही. माझं लक्ष क्षणभर पाळण्याकडे गेलं, आणि परत पाहिलं तेव्हा तुकडा नव्हता. मुंगसं चपळ असतात, असं मी वहीत लिहिलं.

"नवसी, उद्यापासून तुकडा फेकू नकोस. ओवाळ आणि माझ्याकडे दे."

"तुजंकडं? कशाला?"

"मी टाकीन. डाग्या जरा शांत झाला की."

"भायेर टाकशील ना बाय? कुपनाच्या भायेर?"

"हो गं, बाहेरच."

खोटं बोलणं मला जमत नाही, पण ते जमलं.

तुकडा मी डाग्यासाठी ठेवला. आमच्या पाठ्यपुस्तकात एका रशियन प्रयोगशाळेतले कुत्रे होते, घंटा वाजली की लाळ गाळणारे. त्याच रीतीने तो भुंकायला लागला की नाकासमोर भाकरी धरायची, "गप" म्हणायचं, आणि आवाज थांबला की लगेच खायला घालायची. शिक्षा नाही, मारणं नाही. गप्प राहण्याचं बक्षीस.

पहिले चार दिवस तो भुंकलाच नाही. कुंपणाशी काही पडतच नव्हतं. मी तुकडा तसाच, लाडाने दिला. पाचव्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी भुंकला, पण कुंपणाशी नाही. तुळशीजवळ उभा राहून. "गप." घास. आठव्या दिवशी मागच्या पायरीवर उभा राहून. "गप." घास. दहाव्या दिवशी तो घरात होता, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, आणि उघड्या दाराकडे तोंड करून भुंकत मागे मागे सरकत होता. मला हसू आलं. भाकरी माझ्या हातात असते म्हणून हा जवळ जवळ येतोय, असं मी लिहिलं.

बाराव्या दिवशी दोनदा भुंकून थांबला. तेराव्या दिवशी नुसता घशात गुरगुरला. चौदाव्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, घरात हूं की चूं ऐकू येईना. श्रीपाद साडेपाचला आळस देत बाहेर आले. "पहिल्या वर्गात पास," म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी मीनलला खांद्यावर घेऊन अंगणात फिरले. माईंनी भिंतीवरून वाटीभर खीर दिली.

त्या संध्याकाळी वही मिटायला हवी होती. पण सवय लागली होती बघायची.

पंधराव्या दिवशी मी मधल्या खोलीत तांदूळ निवडत होते. पाळणा खिडकीशी, मीनल जागी. डाग्या पाळण्याखाली बसलेला. चार वाजून गेले. डाग्याने मान उचलून मागच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. त्याची मान हळूहळू वळू लागली. दारापासून भिंतीच्या कडेने, कपाटापाशी, माझ्या समोरून. मुंगूस जमिनीवरून जातं. डाग्याची नजर जमिनीवर नव्हती. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी ती वर होती.

पाळण्यापाशी ती थांबली. डाग्या उठला आणि वाटेतून बाजूला झाला.

मग त्याने माझ्याकडे पाहून शेपटी हलवली. तो गप्प राहिला होता.

मीनल हसली. पाळण्यातून दोन्ही हात वर केले. माझ्याकडे नाही, वर.

मी तिला उचलून पुढच्या अंगणात नेलं आणि श्रीपाद उठेपर्यंत तिथेच उभी राहिले. त्यांना सांगून पाहिलं. "कुत्रा भुंकला तरी तुला काळजी, नाही भुंकला तरी काळजी," ते म्हणाले. रागाने नाही. थोडं दया आल्यासारखं. मुलगा गेला तेव्हाही ते असंच बोलायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवसी निघायच्या आधी मी तिला खरं सांगितलं. तुकडा बाहेर टाकत नव्हते, डाग्याला घालत होते.

तिच्या हातातलं धुणं तसंच राहिलं. "किती दिस?"

"पंधरा."

"घरात? घरात बसवून घातलास?"

"हो. का गं? कुणाचा असतो तो तुकडा?"

तिने धुणं खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसले. जाताना मीनलच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. कोपऱ्यातली आपली पिशवी घेतली आणि पुढच्या दाराने गेली. आजवर ती कधी पुढच्या दाराने गेली नव्हती.

चार वाजायला दहा मिनिटं होती. शेजारी माईंच्या दाराला कुलूप होतं. श्रीपाद आतल्या खोलीत घोरत होते. मी दार ठोठावून त्यांना उठवू शकले असते. काय सांगणार होते? त्याऐवजी मी भाकरीचा तुकडा घेतला, मीनलवरून तीनदा ओवाळला, आणि एकदाही मागे न बघता कुंपणापलीकडे जोरात भिरकावला. स्वतःची लाज वाटली नाही.

डाग्या तारेखालून गेला आणि तुकडा तोंडात धरून परत आला. चावला नव्हता. माझ्या पायाशी ठेवला आणि नीट बसला.

मी पुन्हा फेकला. त्याने पुन्हा आणला.

मी मागचं दार लावलं, कडी घातली. पुढचंही लावलं. मीनलला घट्ट छातीशी धरून मधल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून उभी राहिले.

"डाग्या, भुंक."

त्याने कान उभे केले.

"भुंक रे. भुंक ना. अरे, भुंक!"

मी इतक्या मोठ्याने ओरडले की आतलं घोरणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. डाग्या माझ्या तोंडाकडे बघत होता. मी शिकवलं होतं तसा, पुढचे पाय जुळवून, पाठ ताठ करून.

मग त्याची मान वळली.

बंद दाराकडून. कपाटापाशी.

मीनलचीही मान वळत होती. त्याच्याबरोबर, त्याच संथपणे.

पाळण्यापाशी दोघं थांबले नाहीत.

डाग्या उठला, आणि माझ्या समोरून बाजूला झाला.

मीनलने माझ्या पदरातून हात सोडवून पुढे केले. मी तिला आणखी आवळून धरलं. मूल दुसऱ्या बाईच्या हाती देताना आपण सोडायच्या आधीच तिचा हात खालून येतो आणि आपल्या हातावरचं ओझं एकदम निम्मं होतं. प्रत्येक आईला ते ठाऊक असतं.

माझ्या हातावरचं ओझं निम्मं झालं.