मक्याची अकरा रोपं

सोमवारी सकाळी सव्वानऊला बियाणं तपासणी केंद्राच्या काचघराचं कुलूप उघडलं आणि चाचणी करणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं, की आपली अकरा रोपं गेली.

गेली म्हणजे कुणी उपटून नेली नव्हती. चारही ट्रे जागच्या जागी होते. चारशे खळग्यांत चारशे रोपं होती. पण शुक्रवारी संध्याकाळी त्यांतली अकरा हिरवीगार होती, आणि आज सगळीच्या सगळी वाळून काडी झाली होती.

दुपारी बारा वाजता बाई हे ताईंना सांगत होत्या आणि भावोजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं कळल्यासारखी मान हलवत होते.

ताई खासगी तपासनीस होत्या. भावोजी त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बहीण जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती गेल्यावर दोन महिन्यांनी ताईंनी गाडीची किल्ली भावोजींच्या पुढ्यात टाकली आणि भिंतींशी बोलण्यापेक्षा माझी गाडी चालवा, असं बजावलं. तेव्हापासून भावोजी गाडी चालवत होते. तपासात आपलं नेमकं काय काम, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

बाईंनी मग पहिल्यापासून सांगितलं. एका कंपनीने जनुक बदललेला मका तयार केला होता. शेतात तणनाशक फवारलं तर तण मरतं, साधा मका मरतो, हा मका मात्र जगतो. विक्रीची परवानगी हवी तर एक गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती. या मक्याचे पराग उडून शेजारच्या साध्या मक्यात शिरत नाहीत ना?

म्हणून बाईंनी शेजारच्या शेतातले चारशे दाणे आणून पेरले. पंधरा दिवसांनी रोपांवर तणनाशक फवारलं. जे रोप मरेल ते साधं. जे जगेल त्यात कंपनीचं जनुक शिरलेलं. मोजणी फवारणीनंतर दहाव्या दिवशी करायची, म्हणजे आज.

“आणि ही पहिली ओळ?” ताईंनी विचारलं. प्रत्येक ट्रेच्या कडेला दहा रोपं ताठ उभी होती, हिरवी.

बाई म्हणाल्या, ती साक्षीदार ओळ, चारशेच्या मोजणीबाहेरची. तिथे मुद्दाम कंपनीचाच दाणा पेरायचा. ती ओळ जगली तरच फवारणी प्रमाणात झाली असं धरतात.

फोटो नव्हते. कंपनीशी झालेल्या करारात अटच होती, की चाचणीच्या काळात सगळ्यांनी फोन फाटकावर जमा करायचे. ताईंचा आणि भावोजींचा फोनही तिथेच पडला होता.

“परवा समितीची बैठक आहे,” बाई म्हणाल्या. “पुन्हा पेरायचं तर साडेतीन आठवडे लागतील. सोळा वर्षांत मी खोटा आकडा लिहिला नाही. बुधवारी खरा लिहीन आणि खोटी ठरेन.”

ताई खाली वाकून ट्रे बघत होत्या. काचघर म्हणजे तीन बाजूंनी विटांच्या भिंती, एका बाजूला काच आणि वर सावलीचं जाड कापड. शेजारच्या बाकावर टोमॅटोची रोपं होती. सगळी काचेकडे अशी झुकली होती, जणू बाहेर कुणाची वरात चालली आहे.

काहीतरी बोलावं म्हणून भावोजी बोलले. “मका शहाणा दिसतो. आमच्या खिडकीतल्या कुंड्या या टोमॅटोसारख्याच वाकतात. ही होती तेव्हा रोज फिरवून ठेवायची. मला मेलं लक्षातच राहत नाही.”

ताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग पेन्सिलीच्या टोकाने साक्षीदार ओळीतल्या एका रोपाच्या मुळाशी माती उकरली, दाण्याचं रिकामं टरफल बाहेर काढलं आणि रुमालात गुंडाळलं.

“चला, माणसं बघू,” त्या म्हणाल्या.

माळीमामा पाण्याच्या हौदाशी बसले होते. शनिवारी नि रविवारी मला सुट्टी, पाणी आपोआप फवारतं, असं त्यांनी सांगितलं. इतर दिवशी संध्याकाळी ते प्रत्येक ट्रे अर्धा फिरवून ठेवत. आज बाईंनी हात लावू नका म्हटल्यामुळे काहीच हलवलं नव्हतं. चाचणीचं पानसुद्धा फाटकाबाहेर जात नसे. पहारेकरी पिशव्या उलट्या करून बघे. टाकाऊ रोपं भट्टीत जाळायची, ती फक्त गुरुवारी, आणि मामांच्याच हातांनी.

“मग ट्रे बदलून कुणी बाहेर नेले असतील?” भावोजींनी विचारलं.

“इथून माशी न्यायची तरी सही लागते, पाव्हणं,” मामा म्हणाले.

आत धुण्याच्या बेसिनपाशी बाईंचा सहायक उभा होता. जाड चष्म्याचा, बोलताना चार वेळा तो सावरणारा. त्याची बोटं गुलाबी झाली होती. भावोजींनी ताईंना कोपर मारलं.

सहायक त्यांच्याशी भेदरूनच बोलला. कंपनीच्या शिष्यवृत्तीसाठी त्याने अर्ज केला होता, हे त्याने न विचारता सांगून टाकलं. गुलाबी रंग कंपनीच्या दाण्यांचा होता; पुढच्या चाचणीचे दाणे तो आत्ताच धूत होता. दाण्यांवर औषधाचं गुलाबी पुट असतं. बाईंनी यंदापासून ठरवलं होतं, की ते चोळून धुतल्याशिवाय पेरायचं नाही. साक्षीदार ओळीला औषधाचा आधार आणि बाकीच्यांना नाही, हा अन्याय झाला. ते गुलाबी पाणी माळीमामा वेगळ्या खड्ड्यात नेऊन ओततात आणि दर वेळी बाईंच्या नावाने कुरकुरतात.

ताईंनी बंद दाराकडे बोट दाखवून विचारलं, तिकडे काय आहे.

दिव्यांची खोली, सहायक म्हणाला. छताला दिवे लावून आत रोपं वाढवतात. कंपनीने दोन वर्षांपूर्वी देणगी दिली. किल्ली एकच, साहेबांच्या जुडग्यात. साधा दिवा बदलायचा तरी साहेबांच्या पाया पडावं लागतं.

साहेब म्हणजे केंद्राचे संचालक. त्यांच्या खोलीत कंपनीचा माणूसही बसला होता, टाय घातलेला, हसरा. गेल्याच आठवड्यात त्याची इथे बदली झाली होती आणि हे केंद्र त्याने शुक्रवारी पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याने ताईंना स्वतः उठून खुर्ची दिली.

साहेबांनी शांतपणे समजावलं. काही रोपं उशिरा मरतात. सातव्या दिवशी हिरवं दिसलं म्हणजे जगलं असं नव्हे. बाई फार मेहनती आहेत, पण थकल्या आहेत. “मी स्वतः उमेदीची वीस वर्षं पेरणी केलीय,” ते म्हणाले. “आता सहा-सात वर्षांत मातीला हात लागलेला नाही, पण रोप मला कळतं.”

बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले. “तो चष्मेवालाच. बोटं बघितलीत ना? शिष्यवृत्ती हवी, रंगेहाथ सापडला.”

“रंगेहाथ खरा,” ताई म्हणाल्या. “म्हणूनच तो सुटला.”

चार वाजता त्यांनी सगळ्यांना काचघरात बोलावलं. साहेब घड्याळ बघत आले. टायवाला मागोमाग आला. बाई ट्रेपाशी उभ्या राहिल्या, हातांची घट्ट घडी घालून. ताईंना आता सगळं कळलंय, हे भावोजींना त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

“बाईंची चूक झाली नाही,” ताई म्हणाल्या. “हे ट्रे बाईंचे नाहीतच. दुसरे आणून ठेवलेत.”

टायवाला हसून म्हणाला, की ट्रे तर सगळे सारखेच दिसतात.

“ट्रे सारखे आहेत. रोपं नाहीत. हे भावोजींनी मला दुपारीच दाखवलं.”

सगळे भावोजींकडे बघायला लागले. भावोजींनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी भावोजी आहेत का म्हणून.

ताईंनी टोमॅटोच्या बाकावर हात ठेवला. दोन दिवस ट्रे कुणी फिरवले नाहीत, म्हणून ही सगळी रोपं काचेकडे वाकली. मग त्याच काचेसमोर मका सरळ कसा राहील? ज्या रोपांवर बरोबर वरून उजेड पडतो ती सरळ वाढतात. म्हणजे ही साक्षीदार ओळ छताला दिवे असलेल्या खोलीत वाढली, आणि इथे फार तर काल रात्रीपासून आहे. बाईंनी ज्या दिवशी पेरलं त्याच सुमाराला कुणीतरी तिकडे चार ट्रे पेरले, सगळे साध्या मक्याचे. त्याच दिवशी फवारलेही. काम घाईचं नव्हतं, साडेतीन आठवडे धीराने केलेलं होतं.

“साक्षीदार ओळसुद्धा घातली, म्हणजे करणारा जाणकार आहे. पण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती.” त्यांनी रुमाल उघडला. दाण्याचं टरफल फिकट गुलाबी होतं. “हे दाणे न धुता पेरलेत. बाई हे करणार नाहीत, नियम त्यांचाच. सहायक करणार नाही, त्याची बोटं बघा. माळीमामा करणार नाहीत, गुलाबी पाणी तेच उचलतात. यंदा ज्याने इथल्या मातीला हात लावला, त्या प्रत्येकाला हे माहीत आहे. न धुता पेरणारा माणूस पेरणी जाणतो, पण जुनी. कंपनीचे हे गृहस्थ तर त्या वेळी इथे नव्हतेच.”

सहायकाने चष्मा सावरून आपल्या बोटांकडे पाहिलं.

“खरे ट्रे फाटकाबाहेर गेले नाहीत. भट्टी गुरुवारपासून थंड आहे. ते जिथे मावतील अशी एकच रिकामी जागा आहे, हे खोटे ट्रे जिथून निघाले ती. साहेब, किल्ली.”

साहेबांनी खिशात हात घातला आणि तो तसाच राहू दिला. टायवाला पुढे येऊन म्हणाला, की त्या खोलीतली यंत्रं कंपनीची आहेत, आधी कार्यालयाला विचारावं लागेल.

“खोली माझ्या केंद्राची आहे,” साहेब म्हणाले आणि स्वतःच चालायला लागले.

दार उघडलं. आत उजेडाने डोळे दिपले. खालच्या फळीवर चार ट्रे होते. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि बोट ठेवत मोजायला लागल्या. भावोजीही मनातल्या मनात मोजत होते. नऊ. दहा. शेवटच्या ट्रेमध्ये अगदी कोपऱ्यात अकरावं.

बाईंनी तोंडावर हात दाबून धरला. माळीमामांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मातीत ओल होती. ताईंनी ती बोटाने चाचपली आणि साहेबांकडे पाहिलं.

“सकाळी पाणी घातलं,” साहेब म्हणाले. “भट्टीत टाकायला गुरुवार उजाडला असता. तोवर मरू द्यायची होती. जगलेलं रोप समोर असताना जमलं नाही.”

“कंपनीने काय देऊ केलं होतं?” बाईंनी विचारलं.

साहेब दाराला टेकले. कुणी काही देऊ केलं नव्हतं, कुणी काही मागितलंही नव्हतं. ही खोली कंपनीची, काचघराची काच कंपनीची, माळीमामांसकट निम्म्या माणसांचे पगार कंपनीच्या देणगीतून. “दर महिन्याला फोन यायचा. केंद्र कसं चाललंय, पुढच्या वर्षी काय लागेल. एवढंच. बाकीचं मी माझं समजून घेतलं.”

“माझ्या पगारासाठी माझीच रोपं लपवलीत होय, साहेब,” माळीमामा म्हणाले.

बाईंनी अहवाल तिथेच, फळीवर कागद ठेवून लिहिला. चारशेपैकी अकरा. सहायकाने साक्षीदार म्हणून सही केली तेव्हा त्याला चष्मा चार वेळा सावरावा लागला.

बुधवारी समितीने अहवाल वाचला आणि निर्णय एक महिना पुढे ढकलला. साहेबांनी आपला कबुलीजबाब लेखी दिला. बाहेर येऊन भावोजींनी गाडी सुरू केली. त्यांना शिट्टी वाजवावीशी वाटत होती, आणि दीड वर्षात असं पहिल्यांदाच झालं होतं.

ताई मात्र मागे वळून इमारतीकडे बघत होत्या. आत बैठकीत टायवाल्याने एक कागद वाचून दाखवला होता. या बियाण्याची चाचणी आणखी सहा केंद्रांवर झाली आहे आणि सहाही ठिकाणी आकडा शून्य आहे. ताईंनी अध्यक्षांना विचारलं होतं, की तिथली रोपं मोजताना कंपनीबाहेरचं कुणी हजर होतं का. अध्यक्षांनी नोंद घेतली, असं म्हटलं.

त्या सहा केंद्रांवर अजून कुणी गेलेलं नाही.