गव्हाच्या कोठीतले देव

रामकिशन जोडे न काढताच आत आला आणि बसायच्या आधीच बोलला, "मॅडम, माझे देव चोरीला गेलेत. चोर कोण ते आजच्या आज सांगा. उद्या त्याला सगळ्या भावकीसमोर उभा करतो. त्याच्या तोंडाला काळं न्हाई फासलं तर नावाचा रामकिशन न्हाई!"

घ्या, हरिओमनं मनात म्हटलं. अजून चहासुद्धा पोटात नाही आणि देव शोधायला निघा.

परभणीतल्या अपेक्षाच्या त्या छोट्या ऑफिसात बहुतेक सोयरिकीच्या चौकशा यायच्या. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, असली कामं. हरिओम तिचा मामेभाऊ. मोटारसायकल त्याची, डोकं तिचं, अशी सरळ वाटणी होती. फक्त ती हरिओमला अजून मान्य नव्हती.

"पोलिसात का गेला नाहीत?" अपेक्षानं विचारलं.

"उद्या वास्तुशांत हाय. पाहुण्यांच्या पंगतीत पोलीस बसवू काय?"

मग त्यानं सगळं सांगितलं. वालूरचं घर त्यानं विकलं. परभणीत नवीन घर घेतलं, पण ते हातात यायला उशीर लागला, म्हणून मधल्या काळापुरत्या किशनराव नावाच्या गृहस्थाच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाड्याच्या जागेत कुळाचे देव मांडायचे नाहीत, असं वडिलांनी, माणिकरावांनी, बजावलं. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं देवांचे चांदीचे टाक लाल कापडात बांधले आणि गव्हाच्या कोठीत तळाशी ठेवले. मधल्या दिवसांत देव असे धान्यात ठेवायची त्यांच्याकडे रीतच होती. काल कोठी उपसली, तर गाठोडं नाही.

"आता आबा म्हणतेत, देवाशिवाय नव्या घराचा उंबरा ओलांडणार न्हाई. भावकीत माझं नाक जाईल."

"कुणावर संशय?"

"गोपाळवर. माझा चुलतभाऊ. वालूरचं घर त्यानंच घेतलंय. आणि तो किशनराव, त्याच्याकडं दुसरी किल्ली हाय. दोघांतल्या एकाला मी सोडत न्हाई, बघाच तुमी."

किशनरावांच्या त्या भाड्याच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून खोक्यांवर खोकी, गाद्यांच्या वळकट्या, उलटं घातलेलं टेबल. जाणारच आहोत म्हणून कुणी काही सोडलंच नव्हतं. खिडकीखाली माणिकराव डोळे मिटून बसले होते. त्यांच्या पुढ्यात पाटावर एक सुपारी होती. देव धान्यात गेल्यापासून ते रोज त्या सुपारीचीच पूजा करायचे. कुंकवाचा करंडा आणि हळदीची वाटी शेजारीच असायची.

रामकिशनची बायको राजेश्री पुढं आली. अंगावर नवं लुगडं आणि चेहऱ्यावर आठ्या. तिच्यामागं एक किडकिडीत बाई चहा घेऊन उभी होती.

"ही शीला," राजेश्री म्हणाली. "धाकट्या दिरांची बायको. दीर दोन सालाखाली वारले."

हरिओमला बसायला काही दिसेना. कोपऱ्यात झाकणाचा एक पत्र्याचा डबा होता. तो त्यानं खिडकीकडं ओढायला घेतला, पण डबा भलताच जड निघाला.

"काय भरलंय यात?"

"तांदूळ," शीला म्हणाली.

"बरं, असू द्या." असं म्हणून तो डब्यावर टेकणार, तोच शीलानं चहाचा ट्रे खाली ठेवून त्याचं मनगटच धरलं.

"तिथं न्हाई बसायचं! इथं बसा." आणि तिनं स्वतःची वाकळ जमिनीवर अंथरून दिली.

हरिओम ओशाळला. आपण काय एवढे जाड आहोत, की बसल्यावर पत्र्याचा डबा चेपेल? पण चहा चांगला होता, म्हणून तो गप्प बसला.

अपेक्षानं कोठीचं झाकण उघडलं. "काल उघडली तेव्हा वर काय होतं?"

"कडुलिंबाचा पाला," राजेश्री म्हणाली. "वर एक थर, मधी एक थर. मीच घातला होता, किडे होऊ नयेत म्हणून. काल जसाच्या तसा होता. म्हणून तर कुणाला शंका आली न्हाई."

"आणि तळाशी?"

"गाठोडं न्हाईच. एक सुपारी निघाली, हळद लावलेली. ती कुठून आली देव जाणे."

"बघू."

माणिकरावांनी डोळे न उघडता कनवटीतून सुपारी काढून दिली. अपेक्षानं ती उजेडात फिरवून फिरवून पाहिली. पिवळीधमक, दुसरा रंग कुठंच नाही.

"शीलाताई, तो करंडा जरा देता?" तिनं पाटाकडं बोट दाखवलं.

शीला हललीसुद्धा नाही. राजेश्रीच लगबगीनं पुढं झाली. "मी देते. तू नको हात लावू गं, उद्या शुभकार्य हाय."

शीला खाली बघत राहिली. हरिओमला ते ऐकायला बरं वाटलं नाही, पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार?

अपेक्षानं करंडा उघडून बघितला, बंद केला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "नवं घर मोठं आहे का हो?"

राजेश्रीचा चेहरा एकदम फुलला. "लय मोठं न्हाई, पण बेस हाय. एक खोली आमची, एक लेकरांची, आबा हॉलमधी. आणि देवघर वेगळं, संगमरवरी!"

"आणि शीलाताई?"

"ती जाईल की झरीला, भावाकडं. तिला ना लेकरू ना बाळ. मोकळी हाय." मग मान वळवून म्हणाली, "शीला, पाहुणे जेवूनच जातील. थोडे तांदूळ टाक."

"तांदूळ सरलेत, अक्का. भाकरी करते."

भाकरी तर भाकरी, हरिओमच्या तोंडाला पाणी सुटलं.

किशनराव वरच्या मजल्यावर राहत होते. त्यांना विचारताच ते भडकले.

"माझ्या खोल्यांना गोठा म्हणला तो रामकिशन! मनात आणलं असतं तर त्याला रस्त्यावर काढला असता. त्याचे देव चोरून मी काय करू? माझ्याच देवांना अंघोळ घालायला मला फुरसत न्हाई. आणि एवढ्या मोलाच्या मूर्त्या कपाटात ठेवून कुलूप का लावलं न्हाई त्यानं?"

"कपाटात?" अपेक्षा म्हणाली.

"मग? कपाटातूनच गेल्या ना?"

"त्यांच्याकडं कोण येऊन गेलं?"

"तो गोपाळ आला होता. चहा पिईपर्यंत बसला आणि गेला. त्याला विचारा ना. खाली आलाच हाय."

गोपाळ अंगणात उभा होता. अंगानं आडवा, मिशा वळलेल्या. रामकिशननं त्याची गचांडीच धरली.

"काढ देव!"

"हात काढ आधी!" गोपाळ गरजला. "घर मी घेतलं. देव त्या घराचे. ते तिथंच राहायला पाहिजे होते, असं मी तुझ्या तोंडावर म्हणलो. आजबी म्हणतो. मला न्यायचे असते तर वाजतगाजत नेले असते, चोरून न्हाई. देव काय तुझ्या एकट्याचे हायेत व्हय?"

हरिओम मधे पडला आणि एक गुद्दा त्यालाच बसला. पण त्याच्या मनात शंका उरली नाही. तो अपेक्षाच्या कानाशी लागला, "हाच. त्याला टाक पाहिजेत, तो त्याच कुळातला आहे आणि खोलीत बसूनही गेलाय. अजून काय पाहिजे?"

"दादा, सगळ्यांना आत बोलव," ती म्हणाली.

सगळे दाटीवाटीनं बसले. गोपाळ मिशीला पीळ देत बसला होता. रामकिशनच्या कपाळाची शीर उडत होती.

"नाव सांगा," तो म्हणाला. "बाकी मी बघतो."

"किशनरावांपासून सुरुवात करू," अपेक्षा म्हणाली. "किल्ली त्यांच्याकडं आहे. पण देव कपाटात होते अशीच त्यांची अजून समजूत. ज्याला कोठी माहीत नाही, तो गव्हात हात कशाला घालील?"

किशनरावांनी सगळ्यांकडं ऐटीत पाहिलं.

"आता गोपाळराव. देव कुठं ते यांना ठाऊक असणार. पण गाठोडं तळाशी होतं. म्हणजे सगळी कोठी उपसायची, गहू परत भरायचा आणि पाल्याचे थर होते तसेच लावायचे. एक कप चहा होईपर्यंत हे जमेल? हे काम निवांत झालंय. आबा दुपारी झोपलेत, बाकीचे नव्या घराकडं गेलेत, अशा वेळी. घरातल्याच हातानं."

"म्हणजे?" राजेश्री किंचाळली. "आमच्यावर आळ घेता काय?"

"ही सुपारी बघा. चोर कधी देवाच्या जागी सुपारी ठेवतो? ज्यानं देव उचलले, त्यानं जागा रिकामी ठेवली नाही. त्याच्या मनात राग होता, पण तो देवांवर नव्हता. तो त्यांना आपलेच देव मानतो. सुपारीला हळद लावली, पूजा केली. आता मला सांगा, नुसती हळद कोण लावतं?"

माणिकरावांनी डोळे उघडले.

"आबांनी ठेवली असती तर हळद-कुंकू दोन्ही लावलं असतं, रोज लावतात. राजेश्रीताईंनीही लावलं असतं. करंडा तर हाताशी होता, भरलेला होता. तरी कुंकवाचं बोट लागलं नाही. कारण या घरात एकाच माणसाला त्या करंड्याला हात लावायची बंदी आहे. स्वयंपाकातली हळद तिला चालते, कुंकू नाही. ती बंदी तिनं एकटी असतानासुद्धा पाळली."

सगळ्यांच्या माना शीलाकडं वळल्या.

"आणि देव अजून याच खोलीत आहेत," अपेक्षा म्हणाली. "जी बाई एवढी रीत पाळते, ती देवांना कपड्यांच्या पेटीत टाकणार नाही, धान्यातच ठेवील. दादा, तू ज्याच्यावर बसणार होतास ना, तो डबा. तांदळानं जड आहे, पण पाहुण्यांच्या जेवणाला त्यातले तांदूळ निघत नाहीत. आणि त्याच्यावर कुणी बूड टेकवलेलं तिला सोसत नाही."

अरे देवा! हरिओमनं घाईघाईनं दोन्ही कान धरले.

रामकिशन उठलाच. "शीले! माझ्या घरात खाऊन—"

"कुठल्या घरात?" शीला उभी राहिली. तिचे डोळे रामकिशनवर रोखलेले होते. "वालूरचं घर आबांनी दोघा भावांच्या नावानं केलं होतं, अर्धा हिस्सा माझ्या मालकाचा. माझ्या सहीशिवाय ते घर विकलं जात नव्हतं. तवा तुमीच म्हणलात, शीला, सही कर, नव्या घरात तुझी खोली पहिली. मी इमानानं सही केली. मग इथं आलो आणि एक दिवस अक्का फोनवर बोलायली होती, तिला वास्तुशांत झाली की झरीला पोचवू, जेवायला वाढायला तेवढी राहू द्या. मी भिंतीच्या अलीकडं ऐकलं. त्याच दिवशी कोठी उपसली."

"म्हणून देव चोरलेस?"

"चोरले न्हाई. तुमच्यापासून काढून घेतले. मला टाकून तुमी नव्या घरात जाता, मग देवाशिवाय जा म्हणलं. मला काळं फासायचंय ना? फासा. पण भावकीसमोर फासा. का फासलं ते त्यांनाबी कळू द्या."

रामकिशनचा हात वर गेला होता. तो तसाच राहिला. गोपाळ मिशी सोडून त्याच्याकडं बघायला लागला.

"रामकिशन, सहीच्या टायमाला असं म्हणला होतास तू?" माणिकरावांनी विचारलं.

"आबा, मी... नंतर बघू म्हणलो होतो."

"धाकट्याच्या मातीला मी अजून रडतो, आणि तू त्याची बायको घराबाहेर काढायलास. मला इचारलंसबी न्हाई." माणिकराव भिंतीला धरून उठले. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि लाल गाठोडं वर काढलं. ते त्यांनी कपाळाला लावलं. रामकिशननं ओंजळ पुढं केली.

माणिकरावांनी गाठोडं शीलाच्या पदरात ठेवलं.

"किशनराव, ह्या खोल्या मला पाहिजेत. मी, माझी सून आणि देव इथंच राहणार. गोठा असला तरी चालेल."

"राहा की, खुशाल राहा," किशनराव चटकन म्हणाले.

"आबा, उद्या माणसं जेवायला येतील!" रामकिशनचा आवाज चिरकला. "देवघर मोकळं बघतील. तुमी न्हाईत, देव न्हाईत. मी काय सांगू त्यांना?"

राजेश्रीनं तोंडाला पदर लावला. हरिओमला वाटलं, आता शीलाला दया येईल. बायका विरघळतात, असा त्याचा अनुभव होता.

"खरं सांगा," शीला म्हणाली. "तुमच्याच तोंडून, पंगतीत उभं राहून सांगा. मला तेवढंच पाहिजे होतं."

आणि देव सासऱ्यांच्या हातात देऊन ती भाकरी थापायला आत गेली.