ऑगस्टमधलं लग्न

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या, सातुर्निनाच्या बाबतीत. गेल्या वर्षी नऊ ऑगस्टला, पेरूतल्या औसंगाते डोंगरामागच्या तळ्यावर. दुपारी तीन वाजता. लख्ख उन्हात.

पळून जाऊन लग्न करणाऱ्या जोडप्यांचे फोटो काढायचे, हा तिचा धंदा. लिमाच्या हिमेना आणि रेन्सोनं तिला विचारलं, "कुठला महिना चांगला?"

"ऑगस्ट," ती म्हणाली. "पाऊस नाही, तळं निळंशार. जून-जुलैसारखी गर्दीही नाही."

खेचरवाले फौस्तोमामा हे ऐकून भडकले. "ऑगस्टात धरणीचं तोंड उघडं असतं, पोरी! पळून लग्न करून घरच्यांचे शाप घेऊन मेलेले याच महिन्यात डोंगरात फिरतात. मे महिन्यात ने की त्यांना!"

"मेमधल्या माझ्या तारखा भरल्यात, मामा. तुमच्या भुतांना म्हणावं, रांगेत उभे राहा."

तळ्याकाठी हिमेना पाठमोरी उभी राहिली. डोळे मिटून. नवरदेवानं मागून येऊन हात धरायचा, मग तिनं वळून बघायचं, असं ठरलं होतं. रेन्सो कपडे बदलायला खडकाआड गेला.

वारा पडला.

खेचराच्या गळ्यातली घंटाही थांबली...

मग वास आला. आठवडाभर उन्हात पडलेल्या मेंढीचा. गोडसर. घशाला चिकटणारा. सातुर्निनानं नाकावर बाही धरली. तरी तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला.

काळ्या कोटातला नवरदेव मागून आला. त्यानं हिमेनाचा हात धरला.

हिमेना हसली. "किती गार हात रे तुझा! आणि ओला..."

सातुर्निना फोटो काढत राहिली. एक... दोन... अकरा.

तेवढ्यात तिच्या पाठीमागून रेन्सोचा आवाज आला.

"ताई, झालं माझं. येऊ का आता?"

तिनं कॅमेरा खाली केला.

हिमेना एकटीच उभी होती. हात मात्र कुणीतरी धरल्यासारखा मागे ताणलेला...

मग हिमेनानं डोळे उघडले, तळहात पाहिला आणि किंचाळली. तळहातभर पिवळट, चरबीसारखा थर. त्यात सुटून आलेल्या कातडीचा तुकडा... नखासकट.

ती जागच्या जागी ओकली. मामांनी राखेनं तिचा हात घासला, तोडगा म्हणून कोकाची पानं चोळली. वास काही हटला नाही.

अकराही फोटोंत हिमेना एकटी होती. सातुर्निनानं ते त्याच संध्याकाळी पुसून टाकले. कुणाला दाखवले नाहीत, कुणाला पाठवले नाहीत.

महिन्याभरानं हिमेनाचा निरोप आला.

"फोटो मिळाले, ताई. आम्ही दोघंही छान दिसतोय."

सातुर्निनानं रेन्सोला फोन लावला. तो रडत होता.

"मी मित्राकडे राहतोय, ताई. त्या वासानं तिच्याजवळ बसवेना मला, अन्न पोटात टिकेना. काल सकाळी तिला समजवायला गेलो, तर तिनं दारच उघडलं नाही. आतून म्हणाली, 'हळू बोला. माझा नवरा झोपलाय.'"

त्यानंतर हिमेनाचा फोन लागलेला नाही.

सातुर्निना अजून फोटो काढते. पण डोळा लावायच्या आधी कॅमेरा तीन-तीनदा फडक्यानं पुसते.

"काही दिसत नाही गं त्यावर," मी म्हणते.

"दिसत नाहीच," ती म्हणते. "चिकटतं."