इंजिनाच्या बाजूची खोली

"माझ्या गाडीत आजवर एक चमचासुद्धा हरवलेला नाही!" झ्युरिचच्या फलाटावर क्लेमॉन्स आत्या छाती काढून म्हणाली.

त्यानंतर दीड तासात सहा पाहुण्यांचं झाडून सगळं सामान चोरीला गेलं!

आत्याची ही खासगी आलिशान गाडी ब्रसेल्सहून व्हेनिसला निघाली होती. मधे पियानोवाला जेवणाचा डबा. त्याच्या एका बाजूला पाहुण्यांच्या खोल्यांचा निळा डबा. दुसऱ्या बाजूला हुबेहूब तसाच निळा डबा, पण रिकामा, कारण त्यातले पाहुणे मिलानला चढणार होते. दारांवर नंबर नव्हते. "नंबर बघत फिरायला हा काय दवाखाना आहे?" असं म्हणून आत्यानं ते उपटून टाकले होते. जेवण झालं की इंजिनाच्या दिशेनं चालायचं, म्हणजे आपली खोली येते, एवढंच तिनं पाहुण्यांना सांगितलं होतं.

आत्याची तीन भाचरं, योरिस, फेमके आणि धाकटा वीत्से, सुट्टीसाठी गाडीत होती. वीत्से सूप पिताना जो आवाज काढायचा, त्यामुळे तिघांनाही जेवणाच्या डब्यात बंदी होती. म्हणून ती आपल्या खोलीत तळलेले बटाटे खात बसली होती.

"मला मळमळतंय," फेमके म्हणाली.

"तिसरी बशी खाल्लीस ना! आन्सेल्मकाका चौथी आणायला गेलेत," योरिस म्हणाला.

"बटाट्यानं नाही रे! उलट्या तोंडानं बसलं की मला असं होतं. पण सकाळी मी इथेच बसले होते आणि मस्त वाटत होतं!"

एवढ्यात जेवणाच्या डब्याकडून आरडाओरडा ऐकू आला. तिघंही धावत सुटली.

तिथे म्हातारे आन्सेल्मकाका पियानोच्या स्टुलावर बसले होते. त्यांच्या हातात बटाट्यांची बशी होती. एकतीस वर्षं तेच खोल्यांच्या डब्याची देखभाल करत होते. त्यांच्याभोवती सहा पाहुणे काटे-चमचे उगारून उभे होते.

"माझी ट्रंक गेली! सपाता गेल्या! खोलीत एक मोजासुद्धा नाही!" निवृत्त न्यायाधीश ओबरहोल्त्सर गरजले.

"माझ्याही! बावीस हॅट!" गायिका फिओरेल्लाबाईंनी इतका वरचा सूर लावला की झुंबर किणकिणलं.

"मी फक्त बटाटे आणायला आलो होतो हो," काका रडवेले झाले.

"मी चाळीस वर्षं न्यायाधीश होतो. चोर मला वासावरून कळतो!"

"तो वास बटाट्यांचा आहे," वीत्से म्हणाला.

"मुलांनी गप्प बसायचं!" आत्या ओरडली. "आन्सेल्म, तुमची नोकरी गेली! मी बेलिन्झोनाला पोलीस बोलावलेत!"

गाडी बोगद्यात शिरली. बोगदा संपला की थोड्याच वेळात बेलिन्झोना!

"आपल्यासाठी बटाटे आणायला आले म्हणून अडकले बिचारे," योरिस कुजबुजला.

फेमकेनं एकदम त्याचा दंड धरला. "अरे, झ्युरिचला रूळ संपतात ना? मग इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आल्या दिशेला उलटी निघते! म्हणून मळमळत होतं मला!"

"आणि त्या वेळी ही सगळी मंडळी खाली चॉकलेटं घेत होती!" योरिसचे डोळे चमकले. "वर आली ती थेट जेवायला बसली. मग आत्यानं सांगितलं तशी इंजिनाच्या दिशेनं निघाली..."

"...आणि रिकाम्या डब्यात शिरली! आत्या, अगं ऐक ना!"

"गप्प म्हटलं ना!"

"सांगून ऐकणारी नाहीत ही," वीत्से म्हणाला. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि बोंब ठोकली, "चोर! चोर! गाडीच्या शेपटाकडे पळाला!"

मग काय विचारता! सहाही पाहुणे मागच्या दाराकडे धावले. न्यायाधीश दारात अडकले. फिओरेल्लाबाईंनी त्यांना मागून ढुशी दिली आणि बाटलीतून बूच निघावं तसे ते निळ्या डब्यात जाऊन पडले.

"चोर या खोलीत असणार!" असं ओरडत त्यांनी तिसरं दार लाथेनं उघडलं.

आत त्यांची ट्रंक होती. त्यांच्या सपाता होत्या. उशीवर त्यांची झोपायची टोपीसुद्धा होती.

"वा! चोरानं सगळं नीट लावून ठेवलंय!" न्यायाधीश म्हणाले.

"आजोबा, ही तुमचीच खोली आहे," फेमके म्हणाली आणि तिनं सगळा उलगडा केला. पलीकडून फिओरेल्लाबाई हॅट मोजताना ऐकू येत होत्या. बावीसच्या बावीस भरल्या!

न्यायाधीशांचे कान लाल झाले. ते तडक जेवणाच्या डब्यात गेले आणि काकांपुढे वाकून म्हणाले, "आन्सेल्म, मला माफ करा. माझा निकाल चुकला."

"पहिल्यांदाच?" वीत्सेनं विचारलं. न्यायाधीशांनी त्याचा गालगुच्चा घेतला.

आत्यानं काकांची नोकरी परत दिली, पगार वाढवला आणि तिघांना जवळ घेतलं. "माझी हुशार पोरं! आजपासून जेवणाच्या डब्यात बसा. हवे तेवढे आवाज काढा!"

काका इतके खूश झाले की त्यांनी चौथी बशी स्वतःच संपवली.

बेलिन्झोनाच्या फलाटावर चार पोलीस उभे होते. आत्या खाली उतरली आणि आपली भाचरं किती हुशार आहेत ते एकेकाला पहिल्यापासून सांगू लागली.

ठरल्या वेळी, तीन वाजून सात मिनिटांनी, काकांनी शिट्टी वाजवली आणि गाडी सुटली. आत्या तेव्हा फलाटावर तिसऱ्या पोलिसाला सांगत होती.